जॉन कॉमिनच्या हत्येचे चित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका चर्चमध्ये एक सरदार दुसऱ्या सरदाराला ठार मारतो आहे, असे एक जुने चित्र मध्ययुगीन स्कॉटलंडविषयीच्या लेखांबरोबर हमखास छापलेले असते. त्या चित्राबद्दल आणि त्यामागच्या घटनेबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक विषय दुसऱ्यात मिसळतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे चित्र नेमके कोणत्या प्रसंगाचे आहे?

१० फेब्रुवारी १३०६ रोजी स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील डम्फ्रीस या गावी, फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये, कॅरिकचा अर्ल रॉबर्ट ब्रूस आणि बॅडनॉकचा लॉर्ड जॉन कॉमिन यांची भेट झाली. बोलता बोलता वाद पेटला, ब्रूसने कॉमिनवर वार केला आणि कॉमिन त्या चर्चमध्येच मारला गेला. त्याच्या मदतीला धावलेला त्याचा चुलता रॉबर्ट कॉमिन हाही त्याच झटापटीत पडला, आणि त्याला मारणारा ब्रूसचा मेहुणा क्रिस्टोफर सीटन होता असे मानले जाते. प्रसंगाविषयी एवढे निश्चित आहे. त्यापुढचे जवळजवळ सगळे वादाचे आहे (प्रश्न ६ पाहा).

२. ब्रूस तेव्हा स्कॉटलंडचा राजा होता का?

नव्हता. चित्राखाली ‘राजा रॉबर्ट’ असे छापलेले असेल तर ती चूक आहे. राज्यारोहण त्यानंतर सहा आठवड्यांनी, २५ मार्च १३०६ रोजी, स्कोन येथे झाले.

३. जॉन कॉमिन कोण होता आणि त्याला ‘रेड कॉमिन’ का म्हणतात?

कॉमिन घराणे तेराव्या शतकातील स्कॉटलंडचे बहुधा सर्वांत बलाढ्य सरदार घराणे होते. त्याच्या दोन मुख्य शाखा होत्या, एक बॅडनॉकची आणि दुसरी बुकनच्या अर्लची. जॉन हा बॅडनॉक शाखेचा प्रमुख होता. त्याची आई एलिनॉर ही पुढे राजा झालेल्या जॉन बॅलिओलची बहीण, म्हणजे बॅलिओल हा कॉमिनचा सख्खा मामा. त्याची बायको जोन डी व्हॅलेन्स ही इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या चुलत घराण्यातली होती. हे नातेसंबंध येथे मुद्दाम सांगितले, कारण पुढचे राजकारण या सोयरिकींवरच फिरते.

‘रेड’ हे नाव घराण्यात एकाच नावाच्या अनेक पुरुषांना वेगळे ओळखण्यासाठी पडले. त्याचा बाप जॉन ‘ब्लॅक कॉमिन’ म्हणून ओळखला जातो. रेड कॉमिनच्या मुलाचे नावही जॉनच होते. तो १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला. ‘कॉमिनचा मृत्यू’ एवढेच लिहिलेले चित्र रणांगणावरचे असेल, तर ते रेड कॉमिनचे नसून या मुलाचे असू शकते.

४. दोघांमध्ये एवढे वैर कशामुळे होते?

याचे उत्तर वीस वर्षे मागे जाऊन द्यावे लागते. १९ मार्च १२८६ रोजी राजा तिसरा अलेक्झांडर किंगहॉर्नजवळ रात्रीच्या वादळात घोड्यावरून पडून मेला, आणि त्याची एकमेव वारस असलेली लहानगी नात मार्गारेट १२९० मध्ये नॉर्वेहून येताना ऑर्कनी बेटांवर वारली. गादी रिकामी झाली आणि डझनाहून अधिक दावेदार उभे राहिले. निवाडा करायला पहिल्या एडवर्डला बोलावण्यात आले. १२९२ मध्ये त्याने जॉन बॅलिओलच्या बाजूने निकाल दिला, आणि रॉबर्ट ब्रूसचा आजोबा, ज्याचे नावही रॉबर्ट ब्रूसच, तो हरला. ब्रूस घराण्याने हा निकाल मनातून कधीच मान्य केला नाही. कॉमिन मंडळी साहजिकच बॅलिओलची, म्हणजे आपल्याच सोयऱ्याची, पाठराखण करत राहिली.

१२९६ मध्ये एडवर्डने स्वारी करून बॅलिओलला पदच्युत केले. १२९८ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा नेता विल्यम वॉलेस पायउतार झाल्यावर राज्याचे पालक, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारे, म्हणून ज्या दोघांची एकत्र नेमणूक झाली ते म्हणजे हेच ब्रूस आणि कॉमिन. ही जोडी टिकणार नव्हती हे वर्षभरात दिसले. ऑगस्ट १२९९ मध्ये पीबल्स येथील सभेत वॉलेसच्या जमिनींवरून भांडण पेटले आणि कॉमिनने ब्रूसचा गळाच धरला. रॉक्सबर्गच्या इंग्रज किल्लेदाराने हेराकडून मिळालेली ही बातमी एडवर्डला पत्राने कळवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. भांडण मिटवण्यासाठी सेंट अँड्र्यूजचा बिशप लॅम्बर्टन याला तिसरा पालक नेमावे लागले. पुढे १३०० मध्ये ब्रूस बाहेर पडला आणि १३०२ च्या सुरुवातीला एडवर्डला शरण गेला, तर कॉमिन १३०४ पर्यंत इंग्रजांशी लढत राहिला. १३०३ मध्ये रॉस्लिनला त्याने इंग्रजांना पाणीही पाजले. कॉमिनला सरसकट ‘फितूर’ म्हणणाऱ्यांनी (प्रश्न ८ पाहा) या दोन वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

५. चित्र कोणी काढले? चित्रकाराने हा प्रसंग पाहिला होता का?

सर्वाधिक दिसणारे चित्र फेलिक्स फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराचे आहे. त्याचा जन्म १८१५ मध्ये पॅरिसला झाला आणि मृत्यू १८८४ मध्ये. म्हणजे घटना आणि चित्र यांच्यात साडेपाच शतकांचे अंतर आहे. फिलिपोतो हा लढायांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता. पॅरिसच्या वेढ्याचे भव्य वर्तुळाकार चित्र त्याचेच, आणि त्याचा मुलगा पॉल याने पुढे अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईचे तसेच चित्र केले. प्रेक्षकाला घटनेच्या मधोमध उभे करणे हा या घराण्याचा धंदाच होता, आणि ते कसब या लहान चित्रातही उतरले आहे. पाहणाऱ्याला वाटते की आपण चर्चमध्ये हजर आहोत. चित्राचे बळ त्यात आहे आणि ते फसवते तेही तेथेच.

घटनेच्या काळातले, प्रत्यक्षदर्शी म्हणता येईल असे चित्र कोणाही वाचकाने आजवर दाखवलेले नाही.

६. मग त्या दिवशी चर्चमध्ये खरोखर काय घडले?

साधने थोडी आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ती एकेक करून पाहणे बरे.

इंग्रज बखरकार गिसबरोचा वॉल्टर हा घटनेच्या सर्वांत जवळचा. त्याच्या मते ब्रूसने कॉमिनवर आरोप केले, कॉमिनने ते नाकारले, तेव्हा ब्रूसने त्याला आधी लाथेने आणि मग तलवारीने मारले, आणि बाकीचे काम त्याच्या माणसांनी पूर्ण केले. वॉल्टर शत्रुपक्षाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

चौदाव्या शतकातील स्कॉटिश इतिवृत्तांत, म्हणजे जॉन ऑफ फोर्डनच्या नावावर असलेल्या लेखनात, एक अंगावर काटा आणणारा तपशील येतो. जखमी कॉमिनला भिक्षूंनी उचलून वेदीमागे नेऊन ठेवले. भोवतालच्या लोकांनी विचारले, ‘तू जगशील का?’ तो म्हणाला, ‘जगेन.’ हे शब्द ऐकताच शत्रूंनी त्याच्यावर आणखी एक वार केला. त्या एका उत्तराने त्याचा जीव घेतला, असे म्हटले तरी चालेल.

तिसरा साक्षीदार जॉन बार्बर. त्याने १३७५ च्या सुमारास ब्रूसवर दीर्घकाव्य रचले. तो ब्रूसचा भक्त आहे आणि कॉमिनने दगा दिला असेच तो सांगतो. तरीही ब्रूसने वेदीच्या आश्रयाचा मान राखला नाही, हे मोठे पाप केले, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही कथा काही लोक वेगळ्या रीतीने सांगतात, अशी कबुलीही तो तेथेच देतो. सत्तर वर्षांतच दोन पाठ प्रचलित होते, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

शस्त्राचा प्रश्नही याच मतभेदातून येतो. वॉल्टरकडे तलवार आहे, बार्बरकडे सुरी. चित्रकाराला त्यांतले एक निवडावेच लागते, आणि एकदा निवडले की पाहणाऱ्याला दुसऱ्याची आठवणही राहत नाही.

७. ‘आय मॅक सिकर’ हे वाक्य खरे आहे का?

गोष्ट अशी सांगतात. ब्रूस घाबराघुबरा होऊन चर्चबाहेर आला आणि म्हणाला, ‘कॉमिन मेला असावा असे वाटते.’ तेव्हा त्याचा साथीदार रॉजर किर्कपॅट्रिक उत्तरला, ‘वाटते? मी खात्रीच करून येतो’, आणि खंजीर घेऊन आत गेला. जुन्या स्कॉट बोलीतले त्याचे शब्द म्हणजे ‘आय मॅक सिकर’. किर्कपॅट्रिक घराण्याने हेच आपले ब्रीद केले आणि आपल्या चिन्हावर रक्त गळणारा खंजीर धरलेला हात काढला.

घटनेच्या जवळच्या वृत्तान्तांत हे वाक्य नाही. ते नंतरच्या कथांमधून आले. मात्र मूळ धागा, म्हणजे जखमी माणसावर नंतर पुन्हा वार होणे, प्रश्न ६ मधील फोर्डनच्या वृत्तान्तात आहेच. लोकस्मृतीने त्या दुसऱ्या वाराला एक तोंड आणि एक वाक्य दिले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे गुंतागुंतीचे राजकारण आपण ‘ध चा मा’ या तीन अक्षरांत कोंबले आहे, हे आठवले की ही प्रक्रिया परकी वाटणार नाही.

चित्रात ब्रूसखेरीज खंजीर घेतलेली आणखी एखादी व्यक्ती ठळकपणे दिसत असेल, तर चित्रकाराने किर्कपॅट्रिकची कथा प्रमाण मानली असे समजावे.

८. खून आधी ठरवून केलेला होता का?

स्कॉटिश परंपरा सांगते की दोघांत गुप्त करार झाला होता, एकाने गादी घ्यावी आणि दुसऱ्याने त्या बदल्यात जमिनी घ्याव्यात. कॉमिनने तो एडवर्डला कळवला, ब्रूस लंडनहून कसाबसा निसटला आणि जाब विचारायला डम्फ्रीसला आला. एका मित्राने ब्रूसला बारा पेनी आणि घोडा दौडवायला टाचेला लावतात त्या आऱ्या पाठवून ‘पळ’ असा इशारा दिल्याची रंगतदार गोष्टही याच कथेला जोडलेली आहे. पण ही सगळी मांडणी विजयी पक्षाची आहे. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता आली नाही.

माझे मत विचाराल तर पूर्वनियोजित खुनाच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी अधिक वजनदार आहेत. जागा पवित्र होती, आणि तेथे रक्त सांडल्याने धर्मसत्ता उलटणार हे ब्रूसला न कळण्यासारखे नव्हते. त्याच दिवशी गावातल्या किल्ल्यात इंग्रज न्यायाधीशांची बैठक भरलेली होती, म्हणजे वेळही सोयीची नव्हती. दुसरीकडे, खून होताच ब्रूसच्या माणसांनी तोच किल्ला ताब्यात घेतला, आणि गादीवर दावा सांगण्याचा विचार त्याच्या मनात आधीपासून होता याची चिन्हे आहेत. जून १३०४ मध्ये त्याने बिशप लॅम्बर्टनशी परस्परसाहाय्याचा करार केला होता. मला वाटते बंड ठरलेले होते, खून ठरलेला नव्हता. चित्र मात्र हा फरक दाखवू शकत नाही, कारण त्यात फक्त वाराचा क्षण असतो.

९. चर्चमध्ये मारल्यामुळे एवढा फरक का पडला?

त्या काळी चर्च हे आश्रयस्थान होते. तेथे शिरलेल्या गुन्हेगारालाही हात लावता येत नसे. वेदीजवळ रक्त सांडणे हा माणसाविरुद्धचा नव्हे, तर देवाविरुद्धचा गुन्हा ठरे. पोप पाचवा क्लेमेंट याने ब्रूसला धर्मबहिष्कृत केले. ग्लासगोचा बिशप विशार्ट याने मात्र त्याला पापमुक्त ठरवले आणि राज्यारोहणाला पाठिंबा दिला. स्कॉटिश धर्मगुरूंना इंग्लंडचे वर्चस्व नको होते, हे त्यामागचे उघड कारण.

राजकीय किंमत त्याहून मोठी होती. कॉमिनचे नातेवाईक आणि मित्र एका दिवसात ब्रूसचे वैरी झाले. १९ जून १३०६ रोजी मेथ्वेन येथे ब्रूसचा दणदणीत पराभव करणारा इंग्रज सेनापती एमर डी व्हॅलेन्स हा मृताच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. ब्रूसला पुढची काही वर्षे इंग्रजांइतकेच स्कॉटिश कॉमिनपक्षाशी लढावे लागले, आणि १३०८ मध्ये त्याने बुकनचा मुलूख जाळून उद्ध्वस्त केला. उलट, बुकनच्या अर्लची बायको इझाबेला हिने नवऱ्याच्या घराण्याची पर्वा न करता स्कोनला जाऊन ब्रूसच्या मस्तकावर मुकुट ठेवला. त्या धाडसाची शिक्षा म्हणून एडवर्डने तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडले.

१०. ते चर्च आज पाहता येते का?

नाही. जुना मठ केव्हाच नाहीसा झाला आणि त्या जागेची खूण सांगणारी पाटी कॅसल स्ट्रीटवर आहे. डम्फ्रीसच्या मध्यभागी, कवी रॉबर्ट बर्न्सच्या पुतळ्यामागे जे ग्रेफ्रायर्स चर्च दिसते ते १८६० च्या दशकातले आहे. पर्यटक त्याचेच छायाचित्र काढून ‘येथे खून झाला’ असे लिहितात, ते बरोबर नाही.

जुन्या मठाबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तो गॅलोवेच्या डेव्होरगिला या बाईने स्थापन केला होता, आणि ही डेव्होरगिला म्हणजे राजा जॉन बॅलिओलची आई. प्रश्न ३ मधील नाते येथे आठवावे. कॉमिन आपल्या आजीने बांधवलेल्या देवघरात मारला गेला.

११. चित्रातील पोशाख आणि शस्त्रे त्या काळाला धरून आहेत का?

एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांनी ‘मध्ययुग’ नावाची एक सरमिसळ पेटी तयार ठेवली होती आणि तीतून हाताला येईल ते काढले. तपासणी करायची असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. १३०६ मध्ये सरदाराचे मुख्य संरक्षण म्हणजे लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखत. नखशिखान्त चकाकणारे पत्र्याचे चिलखत शंभर वर्षांनंतरचे आहे. दुसरे, चौकड्यांचा घोळदार किल्ट दिसला तर तो सरळ चुकीचा, कारण तो वेश सोळाव्या शतकाच्या अखेरीस येतो. तिसरे, घराण्याची चिन्हे. बॅडनॉकच्या कॉमिनांचे चिन्ह लाल भूमीवर धान्याच्या तीन सोनेरी पेंढ्या, तर ब्रूसचे सोनेरी भूमीवर तांबडी तिरपी फुली आणि वर तांबडा पट्टा. कृष्णधवल छपाईत रंग दिसत नाहीत, पण पेंढी आणि फुली यांत गोंधळ होत नाही.

१२. चित्र मोठे करून पाहिले की बारीक समांतर रेघा आणि मध्येच एखादी पांढरी सरळ फट दिसते. प्रत खराब आहे का?

प्रत खराब नाही, तो छपाईचा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकात सचित्र ग्रंथांतली चित्रे बॉक्सवुडच्या लाकडी ठशांवर कोरत. खोडाच्या आडव्या कापावर कोरकाम केल्यामुळे केसाएवढी बारीक रेघही टिके, आणि ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असल्याने मजकुराबरोबर एकाच यंत्रात छापता येई. करडी छटा म्हणून स्वतंत्र शाई नसते. जवळ किंवा विरळ रेघांनीच सावली तयार होते. चर्चमधला अंधार म्हणजे खरे तर हजारो रेघांची दाटी. बॉक्सवुडचे खोड अरुंद असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत, आणि जोड नीट बसला नाही की ती पांढरी फट उमटे. चित्रकाराची रेघ आणि छापलेली रेघ यांच्यामध्ये असा आणखी एक कारागीर उभा असतो, हे लक्षात असावे.

१३. काही पुस्तकांत वर्ष १३०५ दिले आहे. कोणते बरोबर?

आजच्या कालगणनेने १३०६. त्या काळी नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १० फेब्रुवारी हा दिवस जुन्या हिशेबाने १३०५ मध्येच पडतो. जुन्या वृत्तान्तावरून तारीख जशीच्या तशी उचलली की हा घोळ होतो. त्याच हिशेबाने ब्रूसचे राज्यारोहण नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी येते.

१४. माझ्याकडे असेच एक चित्र आहे, पण त्यात चर्च दिसत नाही. ते याच प्रसंगाचे आहे का?

बहुधा नाही. स्कॉटलंडच्या इतिहासात अशा मृत्यूंची वानवा नाही, आणि दोन प्रसंग विशेष गफलत करतात. जेवणाचे टेबल, राजाच्या हातात खंजीर आणि जवळ खिडकी असेल तर ते २२ फेब्रुवारी १४५२ चे स्टर्लिंग किल्ल्यातले दृश्य समजावे. तेथे दुसऱ्या जेम्सने डग्लसचा आठवा अर्ल विल्यम याला स्वतः भोसकले आणि प्रेत खिडकीतून खाली टाकण्यात आले. मठ आहे, पण मरणारा माणूस राजा आहे आणि फरशीखालच्या भुयारात लपतो आहे, तर ते १४३७ मधले पर्थचे. पहिल्या जेम्सला मारले तो मठ ब्लॅकफ्रायर्सचा, म्हणजे काळा झगा घालणाऱ्या डोमिनिकन भिक्षूंचा. करड्या झग्याचे ग्रेफ्रायर्स वेगळे. भिक्षूंच्या झग्याची छटा एवढ्यासाठीही पाहावी.

१५. हे चित्र माझ्या लेखात वापरता येईल का?

भारतीय कायद्यानुसार चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. फिलिपोतो १८८४ मध्ये वारला, तेव्हा मूळ चित्र कोणालाही वापरता येते. एखाद्या ग्रंथालयाने किंवा संग्रहालयाने दिलेली प्रत घेतली असेल, तर त्यांच्या अटी तेवढ्या वाचून घ्याव्यात. चित्राखालच्या ओळीत चित्रकाराचे नाव आणि ‘एकोणिसावे शतक’ हे शब्द जरूर असावेत, नाहीतर वाचक ते १३०६ चे समजतो.

१६. मराठीत चित्राखाली काय लिहावे : कॉमिनचा वध, खून, हत्या की मृत्यू?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वांत अवघड हाच आहे. ‘वध’ म्हटले की मरणारा दुष्ट आणि मारणारा धर्माच्या बाजूचा हे मराठी वाचकाच्या मनात आपोआप ठरते. कंसवध किंवा अफझलखानाचा वध म्हणताना आपण तेच ठरवत असतो. कॉमिनबद्दल तो शब्द वापरणे म्हणजे ब्रूसपक्षाची सगळी कैफियत मान्य करणे. ‘खून’ हा शब्द कोर्टातला. त्यात हेतू गृहीत धरलेला असतो, आणि हेतूबद्दल तर प्रश्न ८ मध्ये पाहिल्याप्रमाणे वादच आहे. वरच्या उत्तरांत तो मी वाचकांच्या प्रश्नांतला शब्द म्हणून ठेवला आहे, चित्रओळीत ठेवणार नाही. ‘मृत्यू’ फारच सोज्वळ आहे, त्यात मारणारा हातच नाहीसा होतो. उरतो ‘हत्या’. मारले गेले हे तो सांगतो, कोण बरोबर होते हे सांगत नाही. म्हणून माझ्या प्रतीखाली ‘डम्फ्रीसच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये जॉन कॉमिनची हत्या, १३०६, फेलिक्स फिलिपोतोचे कल्पनाचित्र, एकोणिसावे शतक’ अशी ओळ आहे. जागा कमी पडली तर ‘डम्फ्रीसच्या’ हा शब्द गाळावा, ‘कल्पनाचित्र’ गाळू नये.